सात नंबरची बाटली

४ मार्च
आज प्रयोगशाळेत रुजू झाले. निवृत्तीनंतर आठ वर्षं घरात बसून भिंतींशी बोलले, तेवढं पुरे. इथली प्रमुख माझीच जुनी विद्यार्थिनी. वर्गात सगळ्या तिला चिमणी म्हणत. आता हाताखाली आठ माणसं आहेत, पण मला पाहताच खुर्चीतून उठली. बाई, तुमच्यासारख्या नोंदी कुणालाच ठेवता येत नाहीत, म्हणाली. सुखावले, खोटं कशाला लिहू?

काम साधं आहे. दुसऱ्या एका ग्रहाच्या मातीत परक्लोरेट नावाचं विषारी मीठ असतं. तशी माती इथे तयार करून, पाण्यात कालवून बारा बाटल्यांत भरली आहे आणि त्यांत जंतू सोडलेत. दर सोमवारी मीठ किंचित वाढवायचं आणि कोण तगतं ते पाहायचं. मीठ घालणं आणि नोंद ठेवणं माझ्याकडे.

८ मार्च
बाटल्या धुणाऱ्या अक्का माझ्याच वयाच्या, तोंडाच्या फटकळ. तुम्ही आल्यापासून बाटल्यासुद्धा रांगेत उभ्या राहतात, असं मला सुनावलं. मी कपाटाआड जाऊन हसले.

त्या उघड्या हातांनीच धुतात. हातमोज्यांतून काच निसटते म्हणे. मी टोकलं, तर चिमणीने समजावलं की मिठाला सरावलेला जंतू साध्या पाण्यात पडला की पाणी शोषून फुगतो आणि फुटतो. म्हणून बाटल्या नळाखाली धुतल्या की काम भागतं.

१८ मार्च
चष्मा घरी राहिला. काट्यावरचा आकडा वाचून दाखव, असं कुणाला म्हणणं जिवावर आलं. दशांश चिन्ह चुकलं आणि सात नंबरमध्ये दहापट मीठ गेलं. तासाभराने कळलं.

चिमणीला सांगायला दहा पावलं चालायचं होतं. त्याऐवजी मी बरंचसं मिश्रण मोरीत ओतलं आणि मोजमाप जागेवर येईपर्यंत बाटलीत नळाचं पाणी घातलं. नोंद केली: मीठ ठरल्याप्रमाणे.

परीक्षेत नक्कल करणाऱ्या किती मुलींना मी बाकावर उभं केलं असेल!

२६ मार्च
जंतू मेले असतील असं धरून चालले होते. सात नंबर सगळ्यांत दाट झाली आहे. काचेला आतून पांढरी खरपुडी धरली आहे. चिमणी हरखली. बाई, तुमच्या हाताला गुण आहे, म्हणाली. माझा जेवणाचा डबा तसाच परत नेला.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर एक थेंब साध्या पाण्यात टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. फुटत नाहीत. उलट वाढतात. मिठाचा मार आणि पाण्याचा मार, दोन्हींतून जे वाचले तेच आता उरलेत. ते मी निवडले. आणि त्यांच्यातले निम्म्याहून अधिक अक्कांच्या मोरीत गेलेत.

२९ मार्च
अक्कांच्या बोटांवर पांढरे पापुद्रे. म्हातारपणी हात तरी गोरे झाले, म्हणून स्वतःच हसल्या. धुतलं की आणखी पसरतात, म्हणाल्या.

चिमणीने सगळ्यांदेखत विचारलं, सातची नोंद बरोबर आहे ना. मी हो म्हणाले. एवढ्यावर थांबले असते तरी — अक्का मोजे घालत नाहीत, मी आधीच बजावलं होतं, असंही म्हणाले.

२ एप्रिल
अक्का रुग्णालयात. दोन्ही हात कोपरापर्यंत कडक. हे कुठून आलं ते कळलं तर उपाय सुचेल, असं डॉक्टर चिमणीला म्हणाले. तोवर दर दोन तासांनी हात पाण्याने धुतायत.

पाण्याने.

भेटायला गेले ते सांगण्यासाठीच. अक्काच माझी समजूत घालू लागल्या. माझाच हलगर्जीपणा, बाई, तुम्ही बजावलं होतंत, जिवाला लावून घेऊ नका. घसा कोरडा पडलाय, म्हणाल्या. पेला मीच ओठांना लावला. त्या पीत होत्या आणि मी —

सांगितलं नाही. घरी आले.

४ एप्रिल
मोरीच्या तोंडाशी पांढरं. नळावर पांढरं. माझ्या अंगठ्याच्या बेचक्यात —

सवयीने धुतला. धुवायला नको होता.

चिमणी अक्कांना कामावरून काढणार. हातमोज्यांचा नियम मोडला म्हणून, जरी इतके दिवस तिनेच ते चालवून घेतलं होतं. मला विचारलं, योग्य ना बाई? मान हलवली मी. उभी की आडवी, आठवत नाही. खोटं. आठवतं.

५ एप्रिल
सारखी तहान. प्यायलं की जीभ जड होते. तरी प्यायले.

ठरलं. उद्या सांगणार. तोंडावर सांगणार.

६ एप्रिल, सकाळ
फोन लावला. चिमणी हॅलो हॅलो करत राहिली. जीभ टाळूला — हलत नाही. बोलायचे दिवस मी घालवले.

लिहिते. चिमणी, आधी हे कर. अक्कांना पाणी लावू नका. पाजूही नका. कोरडे ठेवा हात. डॉक्टरांना सात नंबर दे.

अठरा मार्चची नोंद खोटी. मीठ चुकवलं ते मी. पाणी ओतलं ते मी. अक्कांचा दोष नाही. त्यांना काढू नकोस. त्यांना सांग, चूक मोज्यांची नव्हतीच — त्यांना सांग की बाई —

बोटं मिटेनात. पेन तळहाताने धर