तुमच्या टाळूचा साचा

आबा, तुमच्या टाळूचा प्लास्टरचा साचा धुळ्यात माझ्या देवपूरच्या लॅबमध्ये वरच्या फळीवर आहे. कवळी बाहेर काढताना मूळ साचा फुटतो, म्हणून मी आधीच त्याची नक्कल करून ठेवली होती. त्याला दहा वर्षं झाली, तुम्हाला जाऊन आठ. गेल्या आठवड्यात तो पुन्हा खाली काढला आणि तुमची वरची कवळी त्यावर दाबून बसवून पाहिली. बसली नाही. मागच्या कडेला पोस्टकार्ड सरकेल एवढी फट राहते. मी ती तयार केली त्या दिवशी तिथून साधा कागदही जात नव्हता. मी माफी मागायला लिहीत नाही. माझं माप बरोबर होतं, एवढंच सांगायचं आहे.

ती माझी पहिली पूर्ण कवळी. मी जळगावला कवळ्या करायचं काम शिकत होते. ठसा तिथल्या डॉक्टरांनी घेतला. मेणात दात लावण्यापासून शेवटच्या पॉलिशपर्यंतचं सगळं काम माझं. तुमच्या समोरच्या दोन दातांपैकी डावा किंचित आत वळलेला होता. तुमच्या लग्नाच्या फोटोत भिंगातून पाहून मी तो तसाच लावला. रविवारी डबी घेऊन धुळ्याला आले तेव्हा आई ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होती. बँकेची परीक्षा सोडून मी लोकांच्या तोंडातलं काम शिकायला गेले म्हणून आपलं बोलणं कामापुरतंच उरलं होतं. मी डबी ओट्यावर ठेवली. तुम्ही कवळी बसवलीत, आरशात पाहिलंत आणि पाटावर येऊन बसलात.

"अहो, बरी आहे एवढं तरी म्हणा," आई म्हणाली.

"आधी भाकर तर तुटू दे."

तुटली नाही. पहिल्या दिवशी ती कुणाच्याच कवळीनं तुटत नाही. मग आईनं महिनाभर भाकरी दुधात कुस्करून दिली, आणि तुम्ही रोज सकाळी अंघोळीनंतर ओसरीत उभं राहून म्हणायचात, शिरपूर, शहादा, साक्री, शिंदखेडा. बस स्थानकाच्या कंट्रोल रूममधून दिवसभर तुम्हाला हीच गावं पुकारायची होती. सुरुवातीला प्रत्येक नावाच्या पहिल्याच अक्षराला शीळ वाजायची. महिन्याभरात ती गेली. दिवाळीच्या सुट्टीत मी फलाटावर उभी राहून मुद्दाम ऐकलं होतं. साक्री अगदी स्वच्छ, पूर्वीसारखी.

थंडीत शीळ परत आली. कवळी खाली सरकायची, हिरडी सोलायची. मी दोनदा येऊन टोचणारी कड घासून दिली. तुम्ही तोंड उघडायचात, मिटायचात आणि उठून जायचात. तिसऱ्या वेळी जळगावच्या गाडीतून उतरतच होते, तेव्हा तुम्ही शहाद्याची गाडी पुकारलीत आणि माईक बंद करायचा राहिला. आधी कुणा कंडक्टरचा आवाज आला, "आबा, गाडीतून हवा गळतेय का दातांतून?" मग तुमचा, "मन्ही पोरनी करेल दात शेतस. आते हवा निंघीच!" पोरीनं केलेले दात म्हणजे हवा निघणारच, आणि वर तुमचं हसणं, सगळ्या फलाटांवर घुमलं. माझ्या शेजारची बाईही हसली. मी पिशवी घेऊन तिथूनच परतीच्या गाडीत बसले.

पुढच्या रविवारी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलात. "अजून वेळ गेलेली नाही. परीक्षेचा फॉर्म भर. हे काम तुझ्या हातचं नाही." मी वाटाणे सोलत होते. सोलून संपवले. फॉर्म भरला नाही. पण तुम्हाला कधी कळलं नाही, की पुढची दोन वर्षं कुठल्याही कवळीवर मी एकदम भरवसा ठेवू शकले नाही. प्रत्येक काम तीन-तीनदा तपासायचे. कशातच चूक सापडायची नाही आणि तरी झोप लागायची नाही. जळगावच्या डॉक्टरांनी तुम्हाला दुसरी कवळी फुकट करून देऊ केली होती. ती तुम्ही का नाकारलीत, हे मला अजून उमगलेलं नाही. हिरडीला जखम घेऊन तुम्ही माझीच कवळी घालत राहिलात आणि माझ्याच नावानं बोलत राहिलात.

तुम्ही गेल्यावर तुमचं कपाट रिकामं करायला मी कंट्रोल रूममध्ये गेले. तुमच्या शेजारच्या टेबलावरच्या नानांनी चहा मागवला. खोलीच्या कोपऱ्यात लाउडस्पीकरचा जुना ॲम्प्लिफायर होता आणि त्याच्यावर फडक्यात बांधलेल्या तीन-चार भाकरी.

"थंडीत बठ्ठा डबा, सगळ्यांचा, इथंच ठेवतो आम्ही," नाना म्हणाले. "आबा तर दातही ठेवायचे. जेवायला काढले की भाकरीशेजारी. म्हणायचे, गरम दात बरे वाटतात."

मी ॲम्प्लिफायरवर हात ठेवून पाहिला. इतका तापलेला, की तळहात टेकवून ठेवता येत नव्हता. कोरडी कवळी रोज तिथे तासभर, म्हणजे वाकणारच. कप खाली ठेवला आणि कपाट रिकामं करायला घेतलं.

पण नुसत्या अंदाजावर मी काही मानत नाही. या हिवाळ्यात तुमच्याच साच्याच्या आणखी नकला करून त्यांवर कवळीच्या दोन बिनदातांच्या टाळू ओतल्या. एक पाण्यात ठेवली, दुसरी रोज तासभर तसल्याच एका जुन्या ॲम्प्लिफायरवर. महिन्यानं पाण्यातली साच्यावर चपखल बसली. दुसरी तुमच्या कवळीसारखीच मागून उचललेली. तेव्हा, आबा, हवा माझ्या हातून निघाली नाही. हे मी माईकवरून सांगायला हवं होतं, सगळ्या फलाटांना.

आता डॉक्टर कवळी बसवतात आणि जपायची कशी ते मी सांगते. परवा धरणगावहून आलेल्या आजींना सांगत होते, रात्री काढून गार पाण्यात ठेवा, उकळतं पाणी घालू नका, धुताना खाली पाण्याचं भांडं धरा म्हणजे हातातून निसटली तरी फुटणार नाही. त्या म्हणाल्या, "रातले काढी ठिवू तर म्हतारा वळखी का माले?" मी हसले, आणि शेवटचं वाक्य सांगितलं: कोरडी ठेवू नका, गरम यंत्रावर तर नाहीच. आजींना ते विचित्र वाटलं. सगळ्यांनाच वाटतं. मी तरीही वगळत नाही.

हा कागद घडी करून साच्याखाली ठेवते आहे. एक गोष्ट राहिली. कवळी घेऊन आले त्या रविवारी डबीत पाणी होतं. ते कशाला, हे तुम्ही विचाराल म्हणून मी ओट्याजवळ थांबले होते. विचारलंत तर कवळी जपायची कशी ते सगळं सांगणार होते, आपणहून एक शब्दही नाही. तुम्ही पाणी मोरीत ओतलंत, डबी आतून पंच्यानं कोरडी केलीत आणि झाकण लावलंत. मी ते पाहिलं होतं.