दलदलीच्या भावात मैदान

सोमवार, ७ ऑक्टोबर

राखाडी! क्लबच्या फाटकाला राखाडी रंग!

हाज अतवा सकाळीच दुकानात आले. आमच्या इझबत सारी गावच्या सारी फुटबॉल क्लबचे अध्यक्ष. दरवर्षी याच सुमाराला येतात, हिरव्या रंगाचे डबे घेतात, भावावरून अर्धा तास डोकं खातात. आज घासाघीस नाही की काही नाही. "वजीदा, राखाडी दे. सिमेंटसारखा." मी म्हटलं, हाज, फाटक रंगवताय की थडगं? हसले नाहीत. आवाज खाली आणून म्हणाले, "कुणाला बोलू नकोस पोरी. राजधानीतला, काहिऱ्याचा तो नहदा सिमेंट कारखान्याचा क्लब आहे ना, त्यांच्यात आपलं विलीनीकरण होतंय."

रंगाच्या दुकानात येऊन म्हणे कुणाला बोलू नकोस! दुपारपर्यंत अख्ख्या गावाला कळलं होतं. मी मोजून तिघांना सांगितलं, शपथ.

पण एक काही केल्या कळत नाही. ते वरच्या लीगमधले, टीव्हीवर दिसणारे. आम्ही कुठे तरी तळाला, परगावी सामना असला की बससाठी डिझेल कोण देतो ते शोधत फिरणारे. त्यांना आमच्यात काय दिसलं?

मंगळवार, ८ ऑक्टोबर

रिझ्क आला. चप्पल काढायच्या आतच सुरू — "ताई, वरची लीग! आपल्या मैदानावर!"

माझा धाकटा भाऊ, आणि संघाचा प्रशिक्षक. विशीत असताना काहिऱ्याच्या एका क्लबाने त्याला चाचणीला बोलावलं होतं. तिथेच गुडघा गेला. परत आला तो इथलाच झाला. त्याच्या तोंडावर इतका उजेड मी त्यानंतर आजच पाहिला. म्हणून जपून विचारलं, "आपल्याकडून त्यांना काय मिळणार रे?"

"लोक! त्यांच्या सामन्याला कुत्रं फिरकत नाही. आपल्याकडे नुसता सराव असला तरी भिंतीवर माणसं."

"नुसती मुलगी आवडली म्हणून कुणी लग्न ठरवतं का? घरदार बघतात आधी."

"तू ना ताई, दुधात माशी शोधतेस."

शोधते. असली तर दिसलेली बरी.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

नमाजानंतर क्लबच्या फळ्यावर मसुदा लागला. पुरुषांची ही गर्दी! मी खांद्यांमधून वाट काढत पुढे गेले. अब्बांच्या मागे त्यांचं सभासदत्व माझ्याकडे आलंय, मताचा हक्क आहे, कोण अडवणार?

नवीन कंपनी निघणार. क्लब तिचा, संघ तिचा, मैदानही तिचं. शंभरात नव्वद हिस्से सिमेंटवाल्यांचे, दहा आमचे. दहा का? तर त्यांची लीगमधली जागा मोठ्या किमतीची आणि आमचं मैदान... तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा कुठे सापडलं. मैदानाची किंमत धरली आहे दलदलीच्या भावाने.

दलदल होतीच की. मी लहान होते तेव्हा तिथे बेडकं आणि लव्हाळी. होड्या बांधणाऱ्यांनी ती भरून काढली, दर जुम्म्याला. गोदीतला भुसा, रंधे मारून निघालेली सालं, फुटक्या विटा, किनाऱ्याची वाळू. अब्बा गाढवगाडी हाकायचे, मी वर बसायची. अजूनही पाऊस झाला की त्या मैदानाला ओल्या लाकडाचा वास येतो. सरकारी कागदावर मात्र ते आजही दलदल! म्हणजे माणसांनी घातलेली मेहनत कुठल्याच रकान्यात बसली नाही.

नूहा माझ्यासोबत होती. मुलींच्या संघात गोलरक्षक आहे माझी लेक. सगळा मसुदा वाचून झाल्यावर म्हणाली, "अम्मी, आम्ही कुठल्या पानावर आहोत?"

कुठल्याच नव्हत्या.

शनिवार, १२ ऑक्टोबर

दिवसभर दुकानात हाच विषय. कुणी तरी म्हणालं, विलीन म्हणजे चहात साखर विरघळते तसं. दुसऱ्याने लगेच, "मग साखर कोण? आणि पिणारा कोण ते आधी सांग!" रंग कमी विकला, ऐकलं जास्त.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

काहिऱ्याला जाऊन आले. माल भरायचा होता — बरं, तो फोनवरही भरता आला असता. मला ते लोक बघायचे होते. आम्हाला गिळणारे दिसतात तरी कसे!

नहदाचा सराव-सामना होता. प्रचंड मोठं स्टेडियम, सगळीकडे रिकाम्या खुर्च्या. एका कोपऱ्यात चाळीसेक माणसं, निम्मी कारखान्याच्या कपड्यांत. मी एका बाईच्या शेजारी जाऊन बसले. तिने न विचारताच भाजलेल्या बिया पुढे केल्या. नाव उम्म वाएल, म्हणजे वाएलची आई. कारखान्यात सिमेंटच्या पोत्यांची तोंडं शिवते. बोटं बघितली — चिरा पडलेली, राखेच्या रंगाची.

मी म्हटलं, मी इझबत सारीची.

बाईने बियांची पुडी मागे घेतली!

"अस्सं! म्हणजे तुम्हीच का त्या? आमच्या पगारावर डल्ला मारणाऱ्या?"

डल्ला? आम्ही?

मग सगळं बाहेर आलं. कारखान्यातल्या प्रत्येकाच्या पगारातून दरमहा क्लबसाठी कपात होते. ती नोकरीला लागली तेव्हापासून. त्यातून त्यांनी हॉल उभा केला. लग्नं तिथेच, मयताचं बसणं तिथेच, आठवड्यातून एकदा डॉक्टर तिथेच. आता हॉल विकणार. "तुमच्या गावात प्रेक्षकांच्या पायऱ्या बांधायला," ती म्हणाली. "समुद्राची हवा खात सामने बघा तुम्ही. आमच्या मुलींची लग्नं आता रस्त्यावर लावू, नाही का?"

"आणि ते नव्वद हिस्से? त्यातले तुम्हाला किती?"

"कसले हिस्से?"

तिला ठाऊकच नव्हतं. मी फोनवर मसुद्याचा फोटो दाखवला. ती बोट ठेवून ठेवून वाचत गेली. कामगारांच्या कपातीबद्दल एक ओळ नाही. ती "देणगी" धरली होती.

समोर कुणी तरी गोल केला, आमचं लक्षच नव्हतं. मग तिने पुडी पुन्हा माझ्याकडे सरकवली. "मी गाडीत तुम्हाला द्यायच्या शिव्या ठरवून ठेवल्या होत्या," मी म्हटलं. ती म्हणाली, "माझ्या अजून शिल्लक आहेत. पण आता कुणाला द्यायच्या?"

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

आज सारखा एकच विचार. मला वाटलं ते चोर, त्यांना वाटलं आम्ही चोर. माल मात्र तिसऱ्याच्याच घरी.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

सिमेंट कंपनीचे साहेब, मसुदा करणारे उस्ताज मुनीब, गावात आले. सगळ्यांना वाटलं होतं गॉगल, अत्तर, मोठी गाडी. निघाले दमलेले, साधे, चष्म्याची काडी चिकटपट्टीने चिकटवलेली. हाज अतवांनी भाजलेल्या सार्डिन वाढल्या, ते काटे काढत शांतपणे ऐकत राहिले.

मी विचारलं, मैदान दलदलीच्या भावाने का?

"कागदावर जे आहे तेच मला धरता येतं, बाई."

"आणि कामगारांची कपात? ती देणगी कशी?"

घास थांबला. कुठून कळलं, विचारलं नाही. म्हणाले, "कायद्याने ती देणगीच. न्यायाने काय, ते मला विचारू नका. पण मीही एक विचारतो. हे विलीनीकरण नाही झालं तर दोन वर्षांनी तुमचा क्लब असेल?"

आमचे दिवे गेल्या मोसमापासून बंद आहेत. चांगला खेळणारा प्रत्येक पोरगा उन्हाळ्यात दुसरीकडे जातो. माणूस खोटं बोलत नव्हता. वाईट असता तर सोपं गेलं असतं!

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

सर्वसाधारण सभा.

मी दोन अटी मांडल्या. एक — मैदान गावाचंच राहील, नव्या क्लबला भाड्याने, आणि त्यावर मुलींच्याही वेळा राहतील. दोन — कामगारांची कपात देणगी नाही, हिस्सा धरायची.

उम्म वाएल पहिल्या बसने आली होती. हाज अतवा म्हणाले, सभासद नाही, बोलता येणार नाही. ती म्हणाली, "मग मी फाटकात उभी राहून बोलते, फाटक तर अजून तुमचंच आहे ना?" लोक हसले. मग तिने हॉलचं सांगितलं. वाएलचं लग्न तिथे लागलं, आणि नवरा गेला तेव्हा माणसं तिथेच बसली.

पहिली अट — हातांचं रानच उगवलं. हात न उचलणारे मोजकेच. त्यात रिझ्क. माझ्याकडे बघत होता, हात मांडीखाली दाबून.

दुसऱ्या अटीला गोदीतला एक जण उठला. "आपली जमीन वाचली ना? मग त्यांचं ओझं आपण कशाला वाहायचं? एवढं ताणलं तर कंपनी पळेल." आणि मघाचे ते हात... खाली. अब्बांच्या सोबत भुसा टाकणारे म्हातारे, तेसुद्धा जमिनीकडे बघत बसले. अट पडली.

वर राहिलेल्या थोड्या हातांत एक रिझ्कचा होता. रिझ्कचा!

उम्म वाएलला बसपर्यंत सोडायला गेले. तीच म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नको. आमच्याकडे सभा झाली असती तर आमच्यांनीही हेच केलं असतं." मी दिलेला मुशब्बकचा, जिलबीसारख्या गोडाचा डबा खिडकीतून परत करत होती, मी जबरदस्तीने आत ढकलला.

सोमवार, २८ ऑक्टोबर

रिझ्कला विचारलंच. पहिल्या अटीला नाही, दुसरीला हो — हे कसं?

"पहिलीने माझा घास जातो. कंपनी ऐकणार नाही, तुलाही माहीत आहे."

"आणि दुसरी?"

"ती बाई खरं बोलत होती." मग, "तूही खरंच बोलत होतीस, ताई. पण तुझं खरं मला परवडत नाही."

नूहाने मध्येच चहा आणून ठेवला. दोघांनीही प्यायला नाही.

शनिवार, ९ नोव्हेंबर

कंपनीचं उत्तर आलं — अट नामंजूर, बोलणी बंद. आणि लगेच दुसरी बातमी! नदीपलीकडच्या गावाच्या क्लबाने तोच मसुदा जसाच्या तसा घेतला. शंभरात दहा. मैदानासकट.

गावात मिठाई वाटली. वाचलो म्हणे! मलाही दोन तुकडे मिळाले. मी खाल्लेसुद्धा.

दुपारी उम्म वाएलचा फोन. हॉलला कुलूप लागलं. "सतरंज्या तरी काढू द्या म्हटलं, तर म्हणतात त्याही विकल्या."

मी विचारत सुटले — कुणी घेतला, किती दिवसांत, कुणाच्या सहीने? ती म्हणाली, "तू प्रश्न चांगले विचारतेस गं, वजीदा." एवढंच. यात शिवी होती का? फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ तेच शोधत बसले.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

नदीपलीकडच्या त्या नव्या क्लबाने रिझ्कला बोलावलं, सहायक प्रशिक्षक म्हणून, आणि तो गेला. आज त्यांचा पहिला सामना. फेरीबोटीने पलीकडे गेले, तिकीट काढलं, त्यांच्याच बाजूला बसले. रिझ्कच्या संघाचा गोल झाला. सगळ्या मैदानात सर्वांत आधी उठून ओरडणारी मी होते.