धोंड्याच्या महिन्यात थायलंड

१८ मे, सोमवार
आणि वर मलाच म्हणतात, "मामी, घाई काय हाय?" घाई! महिना झाला कागद भिंगारला त्यांच्या घरी पडून आहे. नातीच्या, समूच्या पासपोर्टला आईबापाच्या दोघांच्या सह्या लागतात. वर्षाची कधीच झाली, माझी लेक आहे, पेन हातात दिलं की करते. जावईबापूंची होत नाही. बियाणं-औषधाच्या दुकानात दिवसभर पावत्यांवर सह्या करतात, तिथं हात दुखत नाही. आज फोन केला तर म्हणे गिऱ्हाईक आहे. भर उन्हात कोण येतं बियाणं घ्यायला?
कालपासून अधिक महिना लागला. लग्नं बंद, फुलाला कुत्रं विचारत नाही. तोडलेला झेंडू गाईपुढं टाकला. पण अधिकामुळं औंदा गणपती लांब गेलेत, म्हणून जुलै मोकळा. असा मोकळा महिना मला परत कधी मिळायचा? आणि समू एकदा अकरावीला गेली की अडकली. क्लास, कॉलेज, संपलं.

२० मे, बुधवार
समू राहायला आली. वर्षाची थोरली. दहावी दिली, माझ्यापेक्षा उंच झाली. चप्पल काढायच्या आत मोबाईल पुढं. तोच थायलंडचा फुलांचा बाजार. दिवाळीत तिनंच पहिल्यांदा दाखवला. झेंडूचे डोंगर नुसते. बाया बसून माळा करतात, आपल्यासारख्याच, पण सुई हातभर लांब. त्या सुईपायी माझं डोकं फिरलं. जन्म झेंडूत गेला आणि नगरच्या मार्केटापलीकडं झेंडूचं काय काय करतात ते बघितलं नाही. तेव्हाच म्हणलं, मला इथं जायचं. सगळे हसले. समू हसली नाही. "किती दिवस?" एवढंच विचारलं.

२२ मे, शुक्रवार
नगरला मोठ्या दुकानात सरकत्या जिन्याची शिकवणी. विमानतळावर असतो म्हणे. मी पाय उचलायची, मागं घ्यायची. मागं माणसं तुंबली. एकजण, "मावशी, लिफ्टनं जा ना." समू वळली. "दादा, आज्जी शिकतीय. तुम्ही जा लिफ्टनं." गेला तो!
मग निऱ्या एका हातात धरायला लावल्या, दुसरा हात पट्ट्यावर. "खाली नको बघू, वर बघ." चढले. उतरले. परत चढले, ह्या खेपेला एकटी. ती मुद्दाम खालीच उभी राहिली.
मला कोणी साधी सायकल शिकवली नाही. भाऊ चालवायचा, मी मागं पळायची.

२५ मे, सोमवार
हिचं सगळं ठरलेलं. पुण्याहून एकच विमान, मधे बदलायचं नाही. खोली बाजाराजवळ, पायी जाता येईल अशी. दुपारी झोप, माझ्या गुडघ्यासाठी. एक दिवस झेंडूच्या शेतावर. तिथल्या बाईला काय काय विचारायचं ते पण माझ्याकडून काढून घेतलं. रोप कुठलं, पाणी किती, तोडणी कधी.
मी म्हणलं, हरवले तर?
"तू हलायचं नाही. मी हुडकायचं. दोघी हललो तर गाठ पडायची नाही."
हे म्हणाले, "आन मला हितं कोण हुडकील?" म्हणलं, गाई हुडकतील की, धारेची वेळ झाली म्हणजे.
संध्याकाळी वर्षाचा फोन. हळू आवाजात. "आई, ते म्हणतात तो देश पोरींना न्यायसारखा नाही."
म्हणजे सही इथं अडलीय! महिनाभर नुसतं गिऱ्हाईक, गिऱ्हाईक. आणि स्वतः दोन वर्षांमागं जाऊन आलेत. खताच्या कंपनीनं दुकानदारांना नेलं होतं, बायका घरी ठेवून. आल्यावर गल्लीभर चॉकलेटं वाटली.

३१ मे, रविवार
जावयाला धोंडे घातले. पाय धुतले, ओवाळलं, पोशाख दिला, चांदीचा दिवा दिला. पुरणाचे धोंडे उकडले, वर तूप. ह्या महिन्यात जावयाला द्यायचं असतं, मागायचं नसतं. मी मागितलं. पहिला धोंडा मोडायच्या आत.
"पाव्हणं, सही तेवढी करा."
"मामी, तुमाला म्हाईत न्हाई. तो देश तसला हाय."
"कसला? तुमी काय काय बघितलं?"
"मंदिरं."
ह्यांना ठसका लागला. वर्षा तुपाची वाटी घेऊन जागच्या जागी. समूनं विचारलं, "कुठलं मंदिर, पप्पा?"
त्यांनी धोंडा मोडायला घेतला. कान लाल झालेले. माझ्या तोंडात पुढचं तयार होतं, चांगलं तिखट. तेवढ्यात समू उठली, आईच्या हातातली वाटी घेतली, बापाच्या धोंड्यावर तूप सोडलं.
"तुम्हाला बसमधूनच फिरवलं असेल ना? हॉटेल आणि दुकानं. काही दिसलंच नसेल. पप्पा, तुम्ही पण चला आमच्याबरोबर. मी दाखवते."
जावईबापू जेवले. पोटभर जेवले, तेवढं खरं. जाताना सही नाही, आणि नाही म्हणून पण सांगितलं नाही.

१ जून, सोमवार
समूवर चिडले. मी दोघींचं ठरवलं होतं. तिसरं माणूस कशाला, ते पण जावई? मला तिथं मोकळं फिरायचंय का पाव्हण्याचा चहा बघत बसायचंय?
म्हणाली, "आज्जी, काल तू जिंकणारच होतीस. पण मग पप्पांनी मला परत कधी खरं सांगितलं नसतं."
मी झेंडू खुडत राहिले.
सोळाव्या वर्षी मी नांदायला आले. सासऱ्यापुढं तोंड उघडलं नाही, आणि उघडलं तेव्हा भांडायलाच. ही चारचौघांत बापाची लाज पण राखते आणि त्याला सोडत पण नाही. कुणाचं घेतलं हिनं? माझं तर नाही. वर्षा तर...

४ जून, गुरुवार
जावईबापूंचा फोन, आपणहून. आधी पाऊस विचारला, मग गाई. मग, "मामी, त्यो फुलांचा बाजार खरंच येवढा मोठा हाय का?"
म्हणलं, लेकीला विचारा.
"विचारलं. व्हिडिओ धाडला तिनं. आमची बस तिकडनंच गेली आसल. मी झोपलो हुतो."
हे मला सांगायची काही गरज नव्हती. तरी सांगितलं. मला वाटलं आता सही करतो म्हणतील. तर म्हणे, "बघू."
बघू!

६ जून, शनिवार
समू भिंगारला गेली. थांब म्हणलं तर, "नको, पप्पांना एकटं विचार करायला लावलं की ते करतच नाहीत." एसटी सुटेपर्यंत खिडकीतून मला विमानात पाणी कुठं मिळतं ते सांगत होती. शेजारची बाई ऐकत होती, तिनं पण विचारून घेतलं.
घरी येऊन फोन लावला. दुकानावर. गिऱ्हाईक होतं का नव्हतं, विचारलंच नाही.
म्हणलं, पाव्हणं, शुक्रवारपर्यंत मला कळलं पाहिजे. त्याच्यापुढं गेलं तर पासपोर्ट जुलैत हातात यायचा नाही. हो म्हणायचं असलं तर सही करून कागद पोरीच्या हातात द्या, आणि तुमचं तिकीट काढायचं का ते पण सांगा. आलात तर या, माझं काही म्हणणं नाही. नाही म्हणायचं असलं तर मला फोन करू नका. वर्षाच्या तोंडून निरोप नको. समूला पुढं बसवायचं, तिच्याकडं बघायचं आणि का नाही ते तिला सांगायचं.
"मामी, शुक्रवारी जरा..."
शुक्रवारी. दुकान बंद करायच्या आत.