यम्मा स्टुलावर

लामरी,

शेजाऱ्यांची चाकांची खुर्ची मागू नकोस. मी डोकं शांत करायला बाहेर पडलेय.

शुक्रवारच्या सुट्टीला दबागच्या गरम झऱ्यांवर मुंगीलाही शिरायला जागा नसते, म्हणून आपण यम्माच्या गुडघ्यांसाठी मंगळवार ठरवला ना? आज दुपारी मी त्याचीच पिशवी भरत होते. काळा साबण, अंग घासायचा हातमोजा, संत्री. प्लास्टिकचं भांडं टाकून वळले, तर यम्मा स्टुलावर उभी! जिला तू दोन हिवाळे रोज संध्याकाळी पाठीवर घेऊन जिने उतरवतोस, ती आपली आई, कपाटावरून तांब्याचं भांडं काढत होती!

"प्लास्टिकनं अंघोळ करायला लावून बायकांत माझं हसं करतेस?" मलाच दरडावली.

मी ओरडले, "चालता येतं तर हे सोंग कशाला?"

ती आरामात खाली उतरली. "बरी झाले म्हणून सांगितलं असतं, तर लामरी रोज आला असता का गं?"

तिला काही बोलू नकोस. आज तिला चालवतच खाली ने. मंगळवारी जायचंच आहे. तुझ्या पाठीला आता त्या पाण्याची गरज आहे. पिशवी यम्मा उचलेल.

झुलीखा