मऊ की टोचरा

रविवार, १७ ऑगस्ट ८६. डोंबिवली

शिरीष बोटीवरून सुट्टीवर आला. बहिणीला साबण आणि सेंटची बाटली, मला दाढीचा ब्रश. आखूड लाकडी मूठ, वर गुबगुबीत केस. म्हणे बॅजर नावाच्या भुयारी जनावराचे. "भाऊजी, तिकडे शौकीन लोक हाच वापरतात." मेव्हण्याने आणलाय म्हणून तोंडभर कौतुक केलं. केस टोकाला पांढरे, मध्ये काळा पट्टा, मुळाशी परत पांढरट. सुलभा म्हणाली, मेंदी सोडल्यापासून माझी वेणी अशीच दिसते.

सोम. १८ ऑगस्ट

पहिली दाढी. निराशा. ओल्या जनावराचा वास आणि चक्क टोचतो. एवढ्या लांबून हे आणायचं? माझा वीस वर्षांचा जुना ब्रश बरा. शि.ला काही बोललो नाही, सु.ला बोललो. म्हणजे बोललोच.

बुध. २० ऑगस्ट

सु.ने सांगितलंच. शि. हसत सुटला. "भाऊजी, तुम्ही दाबून घासता. पातेलं नाही घासायचंय. गरम पाण्यात भिजत ठेवा आणि नुसती टोकं फिरवा."

शुक्र. २२ ऑगस्ट

तसं केलं. दहा मिनिटं मगमध्ये भिजत ठेवला, पेपर वाचला. मग नुसती टोकं.

काय लिहू. एकोणपन्नास वर्षांचा झालो आणि फेस म्हणजे काय ते आज कळलं. आडवा फिरवला की साय. उभा टेकवला की बारीक टोचतो, पण ते टोचणं हवंहवंसं, पाठ खाजवून घ्यावी तसं. दोन्ही एकाच ब्रशात. दोनदा दाढी केली. साडेसातची कंपनीची बस चुकली.

मंगळ. २६ ऑगस्ट

गळलेला एक केस पाकिटातून मोहन्याला कारखान्यात नेला, लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली धरला. मुळाशी बारीक, मध्ये पोट सुटलेलं, आणि टोक निमुळतं होत होत कुठे संपतं ते दिसतच नाही. पोटामुळे ताठ, टोकामुळे मऊ. तेवीस वर्षं आम्ही रेयॉनचा धागा काढतोय. तो इकडून तिकडे सारखा, आणि कापला की टोक बोथट. मऊपणासाठी आमच्या साहेबांनी काय काय करून पाहिलं. आणि हे कुठलंसं जनावर भुयारात बसल्या बसल्या करतंय. मानलं.

नाखव्याला दाखवला. लॅबमध्ये इतकी वर्षं माझ्याबरोबर आहे, ठाण्याच्या कोळीवाड्यातला. बराच वेळ डोळा लावून बसला. म्हणाला, "सायेब, आपल्या मालाला यो टोक कवा येनार?"

रवि. ३१ ऑगस्ट

घात झाला. सु.ला दोन्ही ब्रशांतला फरक समजावत होतो. बोलण्याच्या भरात म्हणालो, जुन्याचं टोक फाटलेलं असतं, डुकराचा केस तसाच असतो. "डुकराचा?" मग, "म्हणजे लग्न झाल्यापासून मी तो धुऊन ठेवतेय." मग, "सासूबाईंना माहीत होतं?" नव्हतं. जुना ब्रश आता बाथरूमच्या खिडकीत बाहेरच्या बाजूला. फेकायचा मात्र नाही म्हणाली, चांगला आहे अजून.

शनि. ६ सप्टें.

वाचनालयात मोठा शब्दकोश पाहिला. बॅजर: बिज्जू, रात्री हिंडणारा, बिळात राहणारा. आणि क्रियापद म्हणून: पिच्छा पुरवणे, सतावणे. सु.ला सांगितलं. म्हणाली, मग तुम्हाला योग्य माणसाने दिलाय, लहानपणी मला असाच सतावायचा. ब्रशाचं नाव बिज्जू ठरलं.

गुरु. ९ ऑक्टो.

सकाळी फेस करताना बिज्जू अडला. डाव्या कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर. बाकी सगळीकडे केस सरळ जातात, तिथे फाकले. दोनदा पाहिलं. बोटाने दाबलं तर सुपारीएवढं काहीतरी. दुखत नाही. जुन्या ब्रशाला हे कधी कळलं नाही, किंवा तेव्हा नव्हतंच.

सु.ला रात्रीपर्यंत सांगितलं नाही. नंतर सांगितलं.

मंगळ. १४ ऑक्टो. ठाणे

खोपटला एस.टी. डेपोच्या मागे डॉक्टरांचा दवाखाना. लाळेच्या ग्रंथीत गाठ. बहुतेक साधी, पण काढायला हवी. कशी सापडली विचारलं. ब्रशाने सापडली म्हटलं. हसले नाहीत, लिहून घेतलं. मला आवडलं.

मग कागदावर चित्र काढून दाखवलं. तोंड हलवणारी नस ते सांभाळतील. दुसरी एक, कानाच्या पाळीकडे जाणारी, वाटेतच आहे, ती कदाचित जाईल. मग पाळी आणि गालाचा खालचा भाग बधिर. "जाणीव परत येते का?" काहींची येते, सहा महिने, वर्ष. काहींची नाही. "त्याने अडत काही नाही," म्हणाले.

दिवाळीनंतर करायचं ठरलं.

बुध. १५ ऑक्टो.

अडत काही नाही. त्यांना काय माहीत. लॅबमध्ये आमची बोटं ॲसिडने निबर झालीत. धागा मऊ आहे की नाही ते मी पुंजका डाव्या गालाला लावून सांगतो. उजव्या हातात पुंजका, डावा गाल, डोळे मिटून. तेवीस वर्षं. मशीनचा आकडा येईपर्यंत खात्याचा साहेब विचारतो, गाल काय म्हणतो? वर ह्याचा मला माज आहे, तो इथे लिहायला हरकत नाही.

मंगळ. ११ नोव्हें. ठाणे, हॉस्पिटल

उद्या सकाळी. आज वॉर्डातल्या न्हाव्याने दाढी करायला घेतली. मी म्हटलं माझा ब्रश आणलाय. डाव्या बाजूला त्याला हळू करायला सांगितलं. घाईचं काही कारण नव्हतं. तोही समजूतदार, दोनदा फेस केला.

गुरु. २० नोव्हें. घरी

रिपोर्ट आला. साधी गाठ. तोंड वाकडं नाही, शिट्टी वाजते. सु.ने देवापुढे साखर ठेवली, मग आत जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी होती. मी गेलो नाही आत. जायला हवं होतं.

नस गेली. डावा गाल (डा. गा.) खाली आणि पाळी: शून्य.

रवि. ३० नोव्हें.

सु. मला सकाळी उठवते ती हाक मारून नाही. बोटांची मागची बाजू डाव्या गालाला लावते. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून. कधी बोललो नाही आम्ही त्यावर.

आज डोळे उघडले तर तिचा हात माझ्या गालावर होता. केव्हापासून होता कुणास ठाऊक. तिने विचारलं, "कळलं नाही का?" मी म्हटलं, झोप गाढ लागली होती.

लॅबचं एक वेळ जाऊ दे. उजवा गाल आहे. हे गेलं ते मला सोसत नाही.

सोम. ८ डिसें.

टाके निघाल्यावर पहिली दाढी, आणि कामावरचा पहिला दिवस. डाव्या बाजूला बिज्जू फिरवतोय ते आरशात दिसत होतं, एवढंच. दुसऱ्याच कुणाच्या तोंडाला फेस लावावा तसं. ऑफिसात नाखवा म्हणाला, "सायेब, कालरला रगात लागलाय." चांगला अर्धा इंच कापलं होतं. मला पत्ता नाही.

दुपारी नवीन लॉट आला. सवयीने डावीकडे नेला. थांबलो, उजवीकडे लावला. उजव्या गालाला काही अक्कल नाही. नाखव्याने पाहिलं. पुंजका घेतला, स्वतःच्या गालाला लावला. "यो कालच्यापरीस खरबरीत हाय." मशीननेही तेच सांगितलं. इतकी वर्षं शेजारी उभा राहून शिकला, आणि एकदाही बोलला नाही. त्याचं कौतुक वाटलं, आणि थोडं वाईटही.

रवि. १४ डिसें.

सु.ची कल्पना. दर रविवारी परीक्षा. मी गॅलरीत खुर्चीवर, डोळे मिटून. ती मागे उभी. दोन कोरडे ब्रश. एक डा. गा.ला लावणार, मी सांगायचं: बिज्जू की दुसरा. दहा वेळा. वहीत दोन रकाने, बरोबर आणि चूक. दुसऱ्या ब्रशाचं नाव ती घेत नाही आणि दोन बोटांच्या चिमटीत धरते. पण धरते.

१० पैकी ४. नुसतं ठोकलं तरी ५ येतात.

रवि. ११ जाने. ८७

५. ६. ४. ५. हे गेल्या चार रविवारचे. समोरच्या बिल्डिंगमधले जोशी गॅलरीतून बघत असतात. आज विचारलं, "वहिनी, हा काही नवा उपचार आहे का?" सु. म्हणाली, हो, सिंगापूरचा.

रवि. १ फेब्रु.

८!

दहापैकी आठ. ओरडलोच. टोचऱ्या ब्रशाच्या वेळा तर लगेच ओळखल्या. डॉक्टरांना पत्र लिहायला बसलो. सु. वही बघत राहिली. हसली, पण पूर्ण नाही.

रवि. ८ फेब्रु.

कापसाचे बोळे घेऊन आली. "कानात घाला." कशाला? "घाला हो."

५.

जुना ब्रश दाढीच्या खुंटांवरून फिरला की खरखर वाजतो. बिज्जू वाजत नाही. कान इतका जवळ. मी गालाने नाही, कानाने ओळखत होतो. आणि देवाशपथ मला ते माहीत नव्हतं. चौथीच्या वर्गावर अठरा वर्षं कॉपी पकडलेली बाई. तिच्यासमोर काय टिकणार.

दिवसभर तिच्याशी नीट बोललो नाही. रागाचं कारण नव्हतं, राग होता. डॉक्टरांचं पत्र फाडलं. संध्याकाळी म्हणाली, "खोटे आठ घेऊन काय करणार होतात?" खरं आहे. मी घेऊन बसलो असतो. वर्षभर.

रवि. १५ मार्च

५. कापूस ठेवूनच.

दाढी मात्र आता कापत नाही. बिज्जूचाच गुण. साबण इतका दाट धरतो की ब्लेडला घसरायला गादी मिळते, न कळणाऱ्या भागावरही. नवा होता तेव्हा टोचायचा, तो आता मुरलाय. उजव्या गालाला कळतं ते. टोकं पिकून रेशीम झालीत. इतका सुंदर झालाय आणि अर्ध्या तोंडालाच माहीत आहे.

बुध. २२ एप्रिल

कानाच्या पाळीपाशी मुंग्या. दुपारभर. लॅबमध्ये सारखा हात जात होता. नाखवा म्हणाला, "खाजवू नका, जाळा वलतंय तर वलू द्या." जाळं ओलं व्हायला वेळ लागतो म्हणाला, मग जड होतं, मग हाताला कळतं. सु.ला मुंग्यांचं सांगितलं नाही. दुसरे आठ नकोत.

रवि. ३ मे

६. मुंग्या नाहीत. उगाच वाटलं असेल.

रवि. १७ मे

सहा महिने झाले. परवा डॉक्टर म्हणाले, वाट बघा, पण फार बघू नका. फार म्हणजे किती, देव जाणे.

सकाळी परीक्षा. कापूस घट्ट. शाळेला सुट्टी, सु. नुकती न्हालेली, शिकेकाईचा वास. पहिले नऊ: ४ बरोबर. मी कंटाळलो होतो. दहाव्याला ती बराच वेळ काही करेना. म्हटलं, संपलं का? कापसातून काय ऐकू येणार. मग मी म्हणालो, "बिज्जू."

का म्हणालो? मऊ होतं. जबड्याच्या कोपऱ्यावर, जिथे पहिल्यांदा अडला होता तिथे. आडवं गेलं, हळू. ठोकून दिलं नाही. मला वाटतं ठोकून दिलं नाही.

मागे वळून पाहिलं. दोन्ही ब्रश मगमध्ये, कठड्यावर. सु.च्या हातात तिची वेणी, टोकाकडून धरलेली. ओठ घट्ट मिटलेले.

कापूस काढला. म्हणाली, "अंदाजाने म्हणालात की कळलं?"

कळलं.

"नक्की?"

बिज्जू की दुसरा, दोनातलं एक म्हणायचंच होतं. वेणी कुणी परीक्षेत धरली नव्हती. परत लाव म्हटलं. डोळे मिटले, कापूस घातला. बिज्जू लावला म्हणे, मला नाही कळला. दुसराही नाही. वेणी लावली तेव्हा शिकेकाईचा वास आला, म्हणजे ते बाद.

उत्तर चूकच होतं. तरी वहीत बरोबरच्या रकान्यात खूण केली. सु.ने पेन्सिल घेऊन ती खोडली. "खोटे नकोत," म्हणाली. मग खोडलेल्या जागी बोट ठेवून बसली.

दिवसभर दोघांनी विषय काढला नाही. आमरस केला होता, मी दोनदा मागून घेतला. हात सारखा गालाकडे जातोय, पण स्वतःचा हात काही सांगत नाही.

उद्या सोमवार, मला साडेसातची बस. सहाला उठवायला येईल. गजर लावणार नाही. जाग आली तरी डोळे मिटून, डावा गाल वर करून पडून राहणार आहे. तिला सांगितलेलं नाही.