फांदीला हात लावायचा नाही

मनीषनगर, सोमवार संध्याकाळ

काल वादळात समोरच्या कडुलिंबाची फांदी आमच्या गाडीवर पडली. वरचा टप दबला, काच फुटली. आज सकाळी शेजारचे बंडूभाऊ कुऱ्हाड घेऊन हजर, मागे गल्लीतले चार जण. गल्लीची रीतच आहे, झाड पडलं की सगळे मिळून मोकळं करतात. मी चहा सांगायला आत वळलो. तेवढ्यात सुनीता, माझी बायको, फांदीसमोर जाऊन उभी राहिली.

"विम्याचा सर्व्हेअर येऊन पाहील, तोवर फांदीले हात लावायचा नाही, भाऊ."

"काहून वहिनी? पूजा करून राहिल्या का तिची?"

"हो. नारळ तुम्ही आणा."

सगळे हसले. ती हसली नाही. मला संकोच वाटला. का वाटावा? लोक मदतीलाच आले होते, म्हणून? पण पॉलिसी तिने वाचली होती, मी नाही. जुन्या गाडीला थर्ड पार्टी पुरे, असं मीच म्हणत होतो. पूर्ण विमा तिने घ्यायला लावला. दुपारपर्यंत ती फांदीपाशी खुर्ची टाकून बसली.

सर्व्हेअरने फोटो काढले. म्हणाला, फांदी अशी जागेवर सहसा सापडत नाही, लोक आधीच तोडून टाकतात. झाड पडल्याचं नुकसान या पॉलिसीत बसतं, क्लेम मिळेल.

अभिमान हा शब्द जपून वापरा, असं मी वर्गात सांगतो. आज वापरतो.

आत्ता बंडूभाऊ आले होते. त्यांच्याही गाडीवर फांदी पडलेली. त्यांनी ती पहाटेच तोडून गाडी धुऊन टाकली होती. आता क्लेमचं काय करायचं, हे विचारत होते. मी पुढे होऊन समजावू लागलो.

"तुम्ही नाही, सर. वहिनीले बोलवा."

मी दार पूर्ण उघडलं आणि तिला हाक मारली.