संत्र्याच्या झाडाचं ग्रीटिंग

बाबा, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली आणि माझा राग अजून गेलेला नाही. काल इथं अकोल्यात माझ्या लेकीनं सोफ्यावर लोळत, मोबाइलवर बोट फिरवून दिवाळीचं हलतं ग्रीटिंग बनवलं. दोन मिनिटंही लागली नाहीत. "आई, सगळ्यांना पाठवून देऊ?" एवढंच तिनं विचारलं, आणि मी अशी काही खेकसले की पोरगी फोन तिथंच टाकून आत निघून गेली. तिचा काय गुन्हा? ओरडायचं होतं तुमच्यावर. तुम्ही सापडत नाही ना आता.

कॉम्प्युटर तुम्हीच आणला होता. बडनेऱ्याला रेल्वेच्या पार्सल ऑफिसातली ड्यूटी करून आलात आणि तान्ह्या बाळाला धरावं तसा मॉनिटर पोटाशी धरून रिक्षातून उतरलात. "घे, आता कर काय करायचं ते," म्हणालात. मी काय केलं, तर ग्रीटिंगं! एक चित्र काढायचं, मग तेच पुन्हा जरासं बदलून, मग पुन्हा. एकामागं एक पळवली की पणतीची ज्योत हलते, भुईचक्र फिरतं. घरी इंटरनेट नव्हतं. फ्लॉपीत भरून अमरावतीला राजकमल चौकातल्या सायबर कॅफेत जायचं आणि मैत्रिणींना ईमेल करायचं. आई म्हणायची, "ज्या पोरी रोज कॉलेजात भेटतात, त्यायले चित्र कायले पाठवतं वं?" तुम्ही मात्र माझ्या खुर्चीमागं उभं राहून मन लावून पाहायचात.

त्या दिवाळीचं खास ग्रीटिंग वरूडच्या मैत्रिणीसाठी होतं. ती होस्टेलवर राहायची आणि दर रविवारी आपल्याकडं जेवायची. तिच्या वडिलांना तर तुम्ही माझ्याही आधीपासून ओळखत होता. त्यांच्या संत्र्याच्या पेट्या तुमच्याच ऑफिसातून गाडीत चढायच्या. त्या वर्षी त्यांची अर्धी झाडं वाळली होती, त्यांनी स्वतःच्या हातानं तोडली होती. म्हणून मी ठरवलं, तिला एक अख्खं हिरवंगार झाड पाठवायचं, आणि त्यातलं एकेक संत्रं दिवा होऊन पेटत जाईल. चाळीस संत्री, प्रत्येकासाठी वेगळं चित्र. तुम्ही पाहिलं आणि म्हणालात, "संत्र्याचं झाड असं ताठ नसते वं. फळायनं वाकते ते. खालून बांबू लावा लागते." मी सगळी चित्रं पुसून पुन्हा काढली, बांबू लावून. तेव्हा कुठं तुम्ही हसलात. "आता पाह्य, तिचा बाप कसा खूश होते तं."

धनत्रयोदशीच्या दुपारी तुम्ही बाहेरून आलात आणि पुन्हा माझ्या मागं उभे राहिलात. झाड जवळजवळ सगळं पेटलं होतं. तुम्ही बराच वेळ पाहिलंत आणि म्हणालात, "चांगलं झालं." बस्स, एवढंच. संध्याकाळी मी ते पाठवूनही आले. आणि तुम्ही मला जाऊ दिलंत! त्याच सकाळी तुम्ही तिच्या वडिलांच्या मातीला जाऊन आला होता. आदल्या दिवशी त्यांनी आपल्याच संत्र्याच्या बगीच्यात जीव दिला होता. तुम्हाला माहीत, आईला माहीत, फक्त मला नाही. कावून, बाबा? तोंडाला काय कुलूप लागलं होतं?

सुट्टी संपून कॉलेज सुरू झालं, तरी ती आठ-दहा दिवस आली नाही. आली त्या दिवशी बसमधून उतरून सरळ कॉलेजात आली. मी तिला तोंडही उघडू दिलं नाही, हात धरून कॉम्प्युटर लॅबमध्ये ओढत नेलं आणि मेल उघडायला लावली. झाड आलं, संत्री पेटायला लागली. "बंद कर," ती म्हणाली. आणि मी हसत होते, बाबा! "थांब ना, अजून सगळे दिवे पेटले नाहीत," म्हणत होते. तिनं माझ्याकडं पाहिलं. "तुझे बाबा मातीले आलते. माह्या आईसमोर बसून रडले. अन् तू हे पाठवून राहिली?" मला माहीत नव्हतं, मी म्हटलं, दहादा म्हटलं. "बाप घरी सांगत नाही का?" एवढं बोलून ती उठली.

मी तुमच्या पाया पडले होते. एकदा होस्टेलवर चला, फक्त एवढं सांगा की हिला मी सांगितलं नव्हतं. तुम्ही टीव्हीवरची नजरही हलवली नाहीत. "आता कोन्त्या तोंडानं जाऊ? सणासुदीत तुहं मन कायले खराब करू, म्हनलं." आणि वर, "तू इचारलं असतं तं सांगतलं असतं मी." अस्सा संताप आला होता! काय विचारायचं होतं मी? मैत्रिणीचा बाप जिवंत आहे ना, असं रोज चहासोबत विचारायचं? ती पुन्हा कधी जेवायला आली नाही, माझ्याशी बोलली नाही. तुमच्या एका वाक्यानं मिटलं असतं, आणि ते वाक्य तुम्ही सोबत घेऊन गेलात.

हे कुठं पाठवणार, तुमचा पत्ता नाही. पण ते "इचारलं असतं तं" मला अजून का झोंबतं, ते लिहून टाकते. त्या दुपारी तुम्ही फाटकाबाहेरूनच आईला हाक मारली. तिनं बादली अंगणात नेऊन ठेवली आणि तुम्ही कशालाही न शिवता, कपड्यांसकट डोक्यावरून पाणी घेतलं. मी खिडकीतून पाहत होते. अशी अंघोळ माणूस कुठून आल्यावर करतो, ते मला लहानपणापासून माहीत होतं. मग तुम्ही माझ्या मागं येऊन उभे राहिलात, तुमच्या ओल्या केसांतलं पाणी माझ्या खांद्यावर पडलं. "कोणाची माती होती, बाबा?" हे अगदी ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. सात संत्री पेटवायची राहिली होती.